उन्हाळ्यातली पेड पॉलिसी इंटर्नशिप: ताईला सारखे विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्च संपत आला की माझा फोन सुरू होतो. ताई, यंदा सुट्टीत दिल्लीला कुठं इंटर्नशिप मिळेल का, पैसे देणारी असेल तर बरं, घरून जमणार नाही. आणि दरवर्षी मला तेच सांगावं लागतं की अगं फॉर्म तर दिवाळीच्या आसपास होते, आता उरलंय ते बहुतेक बिनपगारी. हे दहाव्यांदा सांगताना मलाच वाईट वाटतं, म्हणून सगळे प्रश्न एका जागी लिहून काढलेत. मी वाशीम जिल्ह्यातली, बीए तालुक्याच्या कॉलेजातून केलं, एमए पुण्यात, आणि एका उन्हाळ्यात दिल्लीत एका सरकारी ऑफिसात दोन महिने काम केलं. त्या दोन महिन्यांचे पैसे मिळणार होते म्हणूनच जाऊ शकले, नाहीतर प्रश्नच नव्हता.

पॉलिसी किंवा पब्लिक अफेअर्स म्हणजे नक्की काय? राजकारण का?

राजकारण त्यात येतं पण तेवढंच नाही. सरकार एखादी योजना कशी ठरवतं, तिला पैसा कुठून येतो, ती गावापर्यंत पोचते का, संसदेत त्यावर कोण काय विचारतं, हा सगळा कारभार. मंत्रालयं, आयोग, रिझर्व्ह बँक, आमदार-खासदारांची ऑफिसं, नगरपालिका, झेडपी, धोरणावर अभ्यास करणाऱ्या संस्था, सगळीकडे याचं काम चालतं. बीए पॉलिटिकल सायन्सवालेच लागतात असं नाही, इकॉनॉमिक्स, सोशल वर्क, लॉ, स्टॅटिस्टिक्स, अगदी ॲग्रीवाली मुलंसुद्धा जातात.

तिथं इंटर्न करतो काय? चहा आणायचा का?

मला दोन महिन्यांत कुणी एकदाही चहा आणायला सांगितला नाही. काम असतं वाचण्याचं आणि लिहिण्याचं. संसदेचं अधिवेशन जवळ असेल तर तारांकित प्रश्न येतात, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं आणि वरून पूरक प्रश्न येऊ शकतात. मग सेक्शनमध्ये धावपळ, राज्यवार आकडे गोळा करा, मागच्या उत्तराशी जुळतात का बघा, चार ओळींत टिपण करा. एरवी फाईली वाचणं, एखाद्या योजनेचा दोन पानी ब्रीफ काढणं, मीटिंगचे मिनिट्स लिहिणं. पहिले आठ दिवस काहीच कळत नाही, मी तर फाईलवर डावीकडे काय लावतात आणि उजवीकडे काय हे शिकण्यातच एक आठवडा घालवला, पण ते शिकलं की सरकार कसं विचार करतं ते दिसायला लागतं, आणि ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पैसे खरंच मिळतात का? कुठं किती?

मिळतात, सगळीकडे नाही. मी मुलांना आधी या तीन सांगते.

पहिली परराष्ट्र मंत्रालयाची. महिना १०,००० रुपये मानधन आणि शिवाय तुमच्या राज्यातून किंवा कॉलेजच्या गावाहून दिल्लीला जायचं-यायचं इकॉनॉमी क्लासचं विमानभाडं. मुदत एक ते तीन महिने. पदवी झालेली हवी, किंवा शेवटच्या वर्षाला असाल आणि तुमच्या कोर्सला इंटर्नशिप सक्तीची असेल तर चालतं, वय २५ च्या आत. वर्षाला दोन टर्म, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर, जागा मोजक्या. आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जी आपल्याकडे कुणालाच माहीत नसते, या जागा राज्यांत वाटलेल्या आहेत, प्रत्येक राज्याला आणि केंद्रशासित प्रदेशाला साधारण दोन-दोन, आणि आकांक्षित, म्हणजे केंद्र सरकारनं मागास म्हणून खास निवडलेल्या, जिल्ह्यांतल्या मुलांना प्राधान्य आहे. महाराष्ट्रातले आकांक्षित जिल्हे चार: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव. म्हणजे ज्या जिल्ह्याचं नाव सांगताना आपण जरा आवाज बारीक करतो तेच नाव इथं कामाला येतं! गोव्याच्या मुलांनी तर नक्की भरावा, एवढंसं राज्य पण जागांचा हिशोब राज्यागणिक आहे, महाराष्ट्रात जेवढी चढाओढ तेवढी तिथं नसणार.

दुसरी महिला व बालविकास मंत्रालयाची. ही फक्त मुली आणि बायकांसाठी, वय २१ ते ४०, आणि मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरं सोडून बाकीच्या गावा-शहरांतल्यांसाठी. दोन महिने, महिना २०,००० रुपये, दिल्लीत हॉस्टेलला राहायची सोय आणि जायचं-यायचं भाडं, जेवणाचा खर्च आपला. नुसत्या विद्यार्थिनीच असंही नाही, शिक्षिका, सामाजिक काम करणाऱ्या बायका, सगळ्यांना भरता येतो. हॉस्टेल असल्यामुळं घरच्यांना समजावणं फार सोपं जातं. लातूर, परभणी, यवतमाळ, सिंधुदुर्गच्या मुलींनो, ही तुमच्यासाठीच काढलेली आहे असं समजा.

तिसरी रिझर्व्ह बँकेची समर इंटर्नशिप. महिना २०,०००, एप्रिल ते जुलैमध्ये जास्तीत जास्त तीन महिने, देशभरातून १२५ पर्यंत मुलं. बाहेरगावच्यांना रेल्वेभाडं मिळतं, राहायचं आपलं आपण बघायचं. पण ही बीए-बीकॉमच्या मुलांसाठी नाही. एमए इकॉनॉमिक्स, एमकॉम, एमबीए, स्टॅटिस्टिक्स, लॉ अशा कोर्सला असणारे आणि शेवटच्याच्या आधीच्या वर्षात असणारे, त्यांच्यासाठी. दोन वर्षांच्या एमएला असाल तर पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात, एकदाच संधी.

रकमा आणि अटी अधूनमधून बदलतात, त्यामुळे फॉर्म भरताना त्या वर्षीची नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, मित्रानं फॉरवर्ड केलेला फोटो नाही.

मग फॉर्म कधी भरायचा?

उन्हाळ्याची इंटर्नशिप दिवाळीत सुरू होते, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रिझर्व्ह बँकेचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, मग जानेवारी-फेब्रुवारीत इंटरव्ह्यू. परराष्ट्र मंत्रालयाची जानेवारी-जूनची टर्म म्हटल्यावर तिचा फॉर्मही त्याच्या आधीच येणार. आणि आपलं कसं असतं, ऑक्टोबरमध्ये सेमिस्टरचे पेपर, मग दिवाळीला घरी, मग सोयाबीन-कापूस निघायचा त्यात घरचे अडकलेले, कुणाच्या डोक्यातच नसतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजांत सिनियर सांगतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. आपल्या कॉलेजात सांगणारं कुणी नसतं एवढाच फरक आहे, हुशारीचा नाही. आकाशकंदील लावायच्या दिवशी मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, दर सोमवारी तीनही साइट उघडून बघायच्या, पाच मिनिटं लागतात.

नीती आयोगाची इंटर्नशिप चांगली म्हणतात, ती घेऊ का?

नाव मोठं, काम चांगलं, पण पैसे नाहीत. दर महिन्याच्या १ ते १० तारखेत अर्ज घेतात, पदवीच्या मुलांना बारावीला ८५ टक्के लागतात, कमीत कमी सहा आठवडे. दिल्लीत नातेवाईक असतील, घरून खर्च झेपत असेल तर जरूर जा. पण मी कुणालाही व्याजानं पैसे काढून बिनपगारी इंटर्नशिपला जा असं सांगणार नाही, कधीच नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं दुसऱ्या एका संस्थेत बिनपगारी जाण्यासाठी घरची म्हैस विकली, दोन महिन्यांनी सर्टिफिकेट घेऊन आला, आणि पुढच्या सेमिस्टरची फी भरायला पैसे नव्हते. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

पण देशासाठी काम करायचं तर पैसे मागायचे का? सरांनी विचारलं.

सर, आदरानं सांगते, मागायचेच. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा पहिली पाच वर्षं तरुणांना सार्वजनिक कामाचं शिक्षणच द्यायचं ठरवलं होतं, आणि संस्था माझ्यासाठी व माझ्या कुटुंबासाठी जी तरतूद करेल तेवढ्यात समाधान मानीन अशी शपथ सभासदाला घ्यावी लागायची. शपथ त्यागाची होती, पण तिच्यात तरतूद गृहीत धरलेली होती. माणसाचं पोट चाललं नाही तर तो सार्वजनिक कामात टिकणार नाही हे गोखल्यांना ठाऊक होतं. कर्मवीर अण्णांची कमवा आणि शिका योजना तर आपल्याकडच्या किती घरांत पहिला पदवीधर देऊन गेली. हे आपल्या मातीतलंच आहे.

आणि हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत व्हाइट हाऊसमधल्या इंटर्नना २०२२ च्या एका बॅचपासून पहिल्यांदा पैसे मिळायला लागले, तोपर्यंत तिथंही ज्यांच्या घरी ऐपत तीच मुलं जायची. बिनपगारी ठेवलं की दाराशी कोण पोचणार हे आधीच ठरलेलं असतं. मग धोरण ठरवणाऱ्या टेबलाशी ज्यानं रेशनच्या रांगेत कधी उभं राहून बघितलंय असं कुणी बसतच नाही. म्हणून मानधन हा वरचा बोनस नाहीये, सगळी गोष्ट त्यावरच अडते.

माझं कॉलेज तालुक्याचं आहे, नाव कुणी ऐकलेलं नाही. घेतील का?

एक प्रसंग सांगते. जूनमधली दुपार, बाहेर लू वाहतेय, कूलरला पाणी नाही. सेक्शनमधले एक सर एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले, बेटा, ये मराठी है क्या. निळ्या बॉलपेननं लिहिलेलं पत्र, वहीचं रेघांचं पान, खाली ग्रामपंचायतीचा गोल शिक्का अर्धाच उमटलेला, आणि वरच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं. ते प्रश्नचिन्ह म्हणजे कुणाला वाचता आलं नव्हतं. पत्र एका अंगणवाडी सेविकेचं होतं, छत गळतं, पोषण आहाराची पाकिटं भिजतात, मी ती रात्री घरी नेऊन पलंगाखाली ठेवते, कोणत्या तारखांना पाऊस झाला आणि किती पाकिटं खराब झाली ते सगळं ओळीनं लिहिलेलं. मी अर्ध्या तासात त्याचं इंग्रजी करून दिलं, सरांनी फाईलला लावलं आणि राज्याकडून अहवाल मागवायचं टिपण गेलं. पुढे छताचं काय झालं ते मला कळलं नाही, माझे दिवस संपले. पण त्या मजल्यावर मोठमोठ्या कॉलेजातली मुलं होती आणि पलंगाखाली पाकिटं ठेवणं म्हणजे काय हे मला एकटीलाच सांगावं लागलं नव्हतं, माझी काकूच सेविका आहे.

तर हो, घेतात. आणि घेतलं की तुमच्याजवळ जे आहे ते तिथं दुसऱ्या कुणाकडे नसतं.

एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निवेदनात, काय लिहू? एआयकडून लिहून घेतला तर?

नका घेऊ, सगळ्यांचे सारखे दिसतात. मी आतापर्यंत पोरांचे शंभर तरी एसओपी तपासले असतील, निम्म्यांची सुरुवात मला लहानपणापासून देशसेवेची आवड आहे अशी. ठीक आहे, असेल आवड, पण त्यातून वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काय कळलं? त्याऐवजी एका मुलानं असं लिहिलं होतं की आमच्या गावात नळयोजनेची टाकी बांधून झाली, पाइप टाकून झाले, पण मोटरचं लाइट बिल कोण भरणार यावर ग्रामसभेत दोनदा भांडण झालं आणि पाणी आलंच नाही, कागदावर योजना पूर्ण दिसते, ती कुठं अडते ते मला आतून बघायचंय. बस्स. एवढं एक वाक्य. त्याला फोन आला.

तुमच्या आजूबाजूला अशी एक तरी गोष्ट असतेच, पीकविमा, एसटीचा पास, स्कॉलरशिपचं महाडीबीटीवर अडकलेलं ॲप्लिकेशन. ती नीट, आकड्यांसकट, कुणाला शिव्या न देता लिहा.

इंग्रजी कच्चं आहे.

माझंही होतं. साधी छोटी वाक्यं लिहा, एका मॅडमकडून तपासून घ्या. इंटरव्ह्यू बहुतेक व्हिडिओ कॉलवर होतो, अडलं तर हिंदीत बोलू का असं सरळ विचारा, मी विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं. रोज एका योजनेबद्दल पाच वाक्यं मोठ्यानं बोलायची, आरशासमोर नको, मैत्रिणीसमोर, ती हसली तरी चालेल.

कागदपत्रं कोणती लागतात?

मार्कशीटा, आधार, पॅन, बँक पासबुक, कॉलेजचं बोनाफाईड, एनओसी म्हणजे कॉलेजची हरकत नाही असं पत्र, आणि शक्यतो एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र. ऐकायला सोपं वाटतं पण दोन ठिकाणी हमखास अडतं.

एक म्हणजे नाव. आपल्याकडे मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, वर आईचं वेगळं. आधारवर स्वतःचं नाव आधी. बँकेत पासबुक काढताना क्लार्कनं जागा पुरली नाही म्हणून वडिलांचं नाव अर्धंच टाकलेलं. तीन कागद, तीन माणसं! माझं मानधन यावरूनच अडकलं. काम जुलैत संपलं आणि पैसे आले ऑक्टोबरमध्ये, मध्ये तीन वेळा ॲफिडेव्हिट पाठवलं, एकदा तर फाईल ज्यांच्याकडे होती ते रजेवर आणि त्यांचं कपाट बंद. मामाकडून १५,००० उसने घेतले होते, दर रविवारी मामीचा फोन यायचा, ती काही म्हणायची नाही, नुसतं तब्येत विचारायची, पण मला कळायचं. म्हणून फॉर्म भरायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच, पॅन, आधार आणि पासबुकवरचं नाव एकसारखं करून घ्या. खातं बारावीच्या आधी मायनर म्हणून काढलेलं असेल तर त्याचं केवायसी नव्यानं करावं लागतं, तेही तेव्हाच.

दुसरं एनओसी. आमच्या कॉलेजात सही करणारे सर मे महिन्यात गावी गेले होते आणि शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये. शेवटी शिपाईकाकांनी त्यांच्या घरी फोन लावून दिला म्हणून झालं. सुट्टी लागायच्या आत इंटर्नशिपच्या पूर्ण काळाची एक एनओसी लेटरहेडवर तयार ठेवा, आणि तिचा मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, ऑफिसला सोपं जातं.

पेपर मेच्या शेवटपर्यंत चालतात, मग जॉइन कसं होणार?

हा आपल्याकडचा खरा त्रास आहे. विद्यापीठाचं वेळापत्रक लांबतं, दिल्लीवाले म्हणतात एक तारखेला या. उपाय एकच, सिलेक्शनचा मेल आला त्याच दिवशी पेपरचं टाइमटेबल जोडून विनंती करायची की मी अमुक तारखेला हजर होते. बरेचदा मानतात. शांत बसून शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर जागा जाते. आणि जिथं जूनच्या आत संपवायची सक्ती आहे तिथं भरायच्या आधीच विचार करा, पेपर बुडवून जाऊ नका, कितीही मोठं ऑफिस असलं तरी.

क्रेडिट मिळतात का?

मिळू शकतात. नव्या शैक्षणिक धोरणात आता ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, आहे, एमएच्या पहिल्या वर्षाला आणि पदवीलाही, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. दोन महिन्यांची इंटर्नशिप त्याच्या कितीतरी पुढे जाते. पण आधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी हवी आणि रोजच्या कामाची डायरी, वरिष्ठांच्या सहीसकट. नंतर सही गोळा करायला दिल्लीला जाणार का?

१०,००० मध्ये दिल्लीत भागतं का?

जेमतेम. माझ्या वेळी लक्ष्मीनगरला आम्ही तिघी एका खोलीत, माझ्या वाट्याला साडेचार हजार, दोन वेळचा टिफिन २,८००, बाकी मेट्रो, मोबाईल, साबण. महिनाअखेर हातात काही राहायचं नाही आणि वर एका महिन्याचं डिपॉझिट आधी भरावं लागतं. म्हणजे मानधन मिळणार असलं तरी पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च हातात घेऊनच जावं लागतं, कारण ते नंतर येतं. हे आधी कुणी सांगत नाही. कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाला, गावातल्या पतसंस्थेला, लायन्स-रोटरीला पत्र लिहा, बिनव्याजी परतफेडीवर मागा, तारीख घालून. आमच्याकडे आता आम्ही आठ-दहा जणींनी मिळून छोटी रक्कम बाजूला ठेवलीय, मुलगी जाताना घेते, मानधन आलं की परत टाकते. आजवर एकीनंही बुडवलेली नाही.

राहायचं कुठं? आणि मुलीला एकटी पाठवू का? (एका काकांचा प्रश्न)

काका, तुमची काळजी बरोबर आहे, माझे बाबाही अकोला स्टेशनपर्यंत सोडायला आले आणि गाडी हलली तरी खिडकीची सळई धरून चालत होते. हॉस्टेलची सोय असलेली इंटर्नशिप आधी बघा. नसेल तर आधीच्या वर्षीच्या मुलींचा नंबर त्या ऑफिसकडून किंवा कॉलेजकडून मिळवा, त्या राहिल्या तिथंच खोली मिळते. पहिले दोन-चार दिवस उतरायला पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, मराठी माणसं असतात, वरण-भात मिळाला की पोरीचं रडू थांबतं. आधी फोन करून बुकिंग करा. खोली ऑनलाइन फोटो बघून पैसे पाठवून ठरवू नका, जाऊन बघा, मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत हवी. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, लग्नसराईत झेलम, गोवा एक्स्प्रेस, सचखंड सगळ्या फुल असतात, सकाळी आठला लॅपटॉप उघडून बसायचं.

पीएम इंटर्नशिप आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण यात येतात का?

नाही, गल्लत करू नका. दोन्ही २०२४ मध्ये आल्या आणि तेव्हा दोन्ही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हत्या. पीएम इंटर्नशिप सुरू झाली तेव्हा मोठ्या कंपन्यांत १२ महिन्यांची, महिना ५,०००, वय २१ ते २४ अशी होती, फुलटाइम शिकणारे चालत नव्हते. राज्याची योजना बारावी, आयटीआय, पदवी झालेल्यांना महिना ६,००० ते १०,००० देणारी, त्यात सरकारी ऑफिसंही होती. कॉलेज सुटल्यावर बघा.

सीएम फेलोशिप आणि लॅम्प?

या उन्हाळ्याच्या नाहीत, पदवीनंतरच्या वर्षभराच्या. लॅम्पमध्ये पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेमार्फत एका खासदारासोबत काम, साधारण पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशनापर्यंत, कोणतीही पदवी, वय २५ पर्यंत, दरमहा स्टायपेंड. महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, मध्ये बंद पडली, २०२३ ला परत आली, ६० जागा, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव. उन्हाळ्यात दोन महिने केलेलं काम इथं बोलायला उपयोगी पडतं. म्हणून सेकंड इयरलाच सुरुवात करा म्हणते.

एक जण सरकारी इंटर्नशिपसाठी २,५०० रजिस्ट्रेशन मागतोय.

देऊ नका. वर सांगितलेल्या तिन्ही ठिकाणी इंटर्नशिपसाठी अशी फी नाही. साइटच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन किंवा रिझर्व्ह बँकेची स्वतःची साइट आहे का ते बघा. सरकारी सिंह छापलेलं ऑफर लेटर आणि खाली जीमेलचा पत्ता, असं आलं की तिथंच थांबायचं, आणि पैसे गेलेच असतील तर लाजू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.

कुठंच सिलेक्शन झालं नाही तर?

माझं पहिल्या वर्षी झालं नव्हतं. मग मी त्या सुट्टीत घरीच राहून आमच्या पंचायत समितीत बीडीओ साहेबांना भेटले, म्हटलं पैसे नकोत पण रोज घरी जेवायला येते, मला घरकुलाच्या फाईली लावू द्या. बिनपगारी होतं, मान्य, पण खर्चही शून्य होता, सायकलनं जायचे. पुढच्या वर्षीच्या इंटरव्ह्यूत निम्मे प्रश्न त्यावरच आले. घरी राहून जमत असेल तर नगरपालिका, झेडपी, तुमच्या आमदारांचं ऑफिस, सगळीकडे विचारा. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं, विदर्भातल्या मुलांनी ओळखीनं पास मिळवून गॅलरीत बसून एक दिवस तरी ऐकावं, लक्षवेधी म्हणजे काय ते तिथं कळतं.

सर्टिफिकेट कधी मागायचं?

शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी, शेवटच्या दिवशी नाही. सही करणारे साहेब शुक्रवारी दौऱ्यावर असतात. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, तारखा बरोबर आहेत का तिथंच वाचून बघा, आणि निघताना मानधनाचं बिल कुणाच्या टेबलावर आहे त्यांचं नाव आणि एक्स्टेन्शन नंबर वहीत लिहून घ्या.